रिमफायर रायफलसंग्रह

रिमफायर रायफलसंग्रह : जुन्या घडणीच्या रिमफायर रायफली छंद म्हणून वा अभ्यासासाठी जमविणे व त्यांचे जतन करणे. ज्या काडतुसात प्रस्फोटक मिश्रण तळाच्या पोकळ कडेत भरलेले असते, त्यास रिमफायर काडतूस म्हणतात. चाप ओढल्यावर रायफलीतील आघातखिळीने ती कड चेमटते, मिश्रण पेटते व गोळी सुटते. सेंटरफायर काडतुसात हेच मिश्रण तळाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते.

इतिहास : पॅरिसचा बंदूक-कारागीर लूई-नीकॉला फ्लोबेर (१८१९–९४) याने १८४५ मध्ये प्रस्फोटक टोपीच्या तोंडातच छोटी गोळी बसविली. त्यात वेगळी दारू नसल्याने तिचा उपयोग दिवाणखान्यातील व बागेतील नेमबाजीपुरताच होता. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी दारू भरलेले ०.२२ इंच (सु. ५.६ मिमी.) व्यासाचे काडतूस काढले. हेन्री व स्पेन्सर या १८६० मध्ये एकस्व मिळालेल्या रायफली मोठ्या व्यासाची रिमफायर काडतुसे वापरीत. हेन्रीत १६, तर स्पेन्सरमध्ये ७ काडतुसे एकाच वेळी भरता येत. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दोहोंचाही वापर झाला. तथापि कड चेमटावी म्हणून कवच पातळ ठेवावे लागते आणि पातळ कवचास मोठा दाब सोसत नाही; शिवाय एकदा उडविलेले कवच पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे मोठ्या व्यासांत सेंटरफायर काडतुसांनी त्यांची जागा घेतली. ०.२२ इंची काडतूस मात्र स्वस्त, कमी आवाजाचे व नगण्य धक्क्याचे असल्यामुळे टिकून राहिले. १८८७ मध्ये मॅसॅचूसेट्‌स राज्यातील स्टीव्हन्स कंपनीने काढलेले ‘लाँग रायफल’ हे काडतूस आजही सर्वत्र प्रचलित आहे.

संग्राह्य रायफली : या स्वस्त काडतुसासाठी शेतकरी, शाळकरी मुले व नेमबाजी मंडळे यांना परवडतील अशा रायफली लाखांनी निघाल्या. जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) व त्याचा भाऊ मॅथ्यू यांच्या आराखड्यावर आधारलेली विंचेस्टर कंपनीची १८९० ची रायफल १९३२ पर्यंत सु. साडेआठ लाख संख्येने तयार झाली. जत्रांमधील नेमबाजीच्या मांडवांत ती विशेष दिसे. स्टीव्हन्सची एकबारी ‘फेव्हरिट’ ही मुलांची रायफल म्हणून प्रसिद्ध होती. विंचेस्टरची ‘मॉडेल ५२’ ही अचूक नेमबाजीसाठीची रायफल १९८० पर्यंत निघत होती. ब्रिटनमध्ये बोअर युद्धात (१८९९–१९०२) सैनिकांची नेमबाजी उणी पडल्याचे जाणवले. त्यातून छोट्या व्यासाच्या रायफलींचा सराव करणाऱ्या मंडळांची संघटना १९०१ मध्ये स्थापन झाली. त्यांच्यासाठी बीएसए कंपनीने मार्टिनी पद्धतीच्या रायफली केल्या. लष्करी ली-एन्‌फील्डचेही ०.२२ व्यासात रूपांतर करण्यात आले.

परीक्षण : रायफली लाखांनी निघाल्या असल्या, तरी मूळ स्थितीतील नमुने दुर्मिळ आहेत. याचे कारण त्यांच्या स्वस्तपणातच आहे. मौल्यवान शिकारी बंदुकीची निगा राखली जाई. ही रायफल मात्र गोठ्यात वा दारामागे उभी असे. जुन्या प्रस्फोटकातील पोटॅशियम क्लोरेटापासून उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषून नळी गंजवीत असे. धूरविरहित दारू आल्यावर नळी स्वच्छ दिसू लागली, म्हणून ती पुसण्याची सवय मागे पडली आणि गंज अधिकच वाढला. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारी प्रस्फोटके प्रचारात आली. त्यामुळे बाहेरून चकचकीत, परंतु आतील मळसूत्री खाचा खाऊन गेलेल्या रायफली पुष्कळ आढळतात. काडतूस न भरता चाप ओढल्याने कोठीच्या काठावर पडलेला खळगाही तपासावा लागतो. १९३० च्या सुमारास आलेली अतिवेगवान काडतुसे त्यापूर्वीच्या रायफलींत वापरणे धोक्याचे असते.

कालनिर्णय हा या छंदातील कठीण भाग होय. अमेरिकेत अशा रायफलींवर अनुक्रमांक घालण्याची सक्ती १९६८ च्या कायद्याने झाली. तत्पूर्वीच्या अनेक स्वस्त रायफलींवर तो नसतो. अशा वेळी नळीवरील कंपनीचा पत्ता, एकस्वाच्या तारखा, माशीचा प्रकार व दस्त्याचा आकार यांवरून काळ ठरवितात. जुनी झिलई घासून नवी चढविल्यास ही अक्षरे पुसट होतात व कडा गोल होतात. म्हणून जाणकार संग्राहक नव्याने चमकविलेल्या रायफलीपेक्षा झिजलेली, पण अस्पर्श रायफल अधिक मोलाची मानतात. तिच्यावरील झीज हीच तिच्या वापराची नोंद असते. या वस्तूंविषयी लेखी कागदपत्रे क्वचितच उरलेली असल्याने ती नोंद पुसणे म्हणजे इतिहासाचे साधन नष्ट करणे होय.

भारतातील स्थिती : भारतात ०.२२ रायफल राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रशिक्षणामुळे व नेमबाजीच्या खेळामुळे परिचित आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे संस्थापक होत. ५० मी. रायफल प्रकारात ०.२२ रिमफायर काडतूसच वापरतात. या प्रकारात तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जागतिक अजिंक्यपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत.

संग्रहास मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या मर्यादा आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली असून वारशाने आलेली शस्त्रेही तीत धरली जातात. मान्यताप्राप्त मंडळाच्या सदस्यास नेमबाजीच्या सरावासाठीच्या ०.२२ रायफलीबाबत या मर्यादेतून सूट आहे. पण ती सरावासाठी असून संग्रहासाठी नाही. अधिक ठरलेले शस्त्र पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाले, की त्याचा घराण्याशी असलेला संबंध तुटतो. म्हणून जमा करण्यापूर्वी रायफलीवरील सर्व खुणांची नोंद, छायाचित्रे आणि ती घरात कोणी, केव्हा व कशासाठी आणली याची माहिती लिहून ठेवणे अगत्याचे ठरते. शस्त्र हातचे गेले, तरी त्याचा इतिहास त्यामुळे सुरक्षित राहू शकतो.