लूलोन आणि कप्पाडोकियाचा लष्करी प्रांत

१. लूलोन : टॉरस पर्वतातल्या सिलिशियन खिंडीच्या उत्तर बाजूचा बायझंटाइन किल्ला, आजच्या तुर्कस्तानात. तार्सूसहून चालून येणाऱ्या अरब फौजांची हीच वाट. म्हणून इथला मुलूख आधी ‘क्लेइसूरा’, म्हणजे घाट राखणारा छोटा लष्करी विभाग होता. नवव्या शतकात तो कप्पाडोकियाचा पुरता ‘थेमा’, म्हणजे लष्करी प्रांत, झाला. थेमाच्या ‘स्ट्रॅटेगोस’कडे, म्हणजे सेनापतीकडे, फौज आणि मुलकी कारभार दोन्ही असत. खलिफा अल-मामूनने ८३२ मध्ये लूलोन घेतला. सम्राट बेसिल पहिल्याच्या काळात, ८७७ च्या सुमारास, तो बायझंटाइनांकडे परत आला.

नऊ ठाण्यांच्या जाळ-संकेतांची साखळी इथूनच सुरू होई आणि कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यापाशी संपे. दोन्ही टोकांना सारखी चालणारी घड्याळे असत. जाळ कोणत्या तासाला दिसला यावरून बातमी चढाईची की आणखी कशाची, हे कळे. रथांच्या शर्यतींचा रंग बिघडू नये म्हणून बेसिलच्या आधीचा सम्राट मायकेल तिसऱ्याने हे जाळ बंद पाडले, असे इतिवृत्तकार सांगतात. तो मजकूर बेसिलच्या नातवाच्या दरबारात लिहिला गेला, आणि बेसिल गादीवर आला तो मायकेलचा खून करवूनच. तेव्हा ही गोष्ट जपूनच वाचावी. — संपा.