हिवरे बाजारची पाण्याची वही

गटाची वही आपल्या सगळ्यांच्या सवयीची. जमा किती, कर्ज किती, शिल्लक किती, हे दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचलं जातं. आज अशाच एका वहीनं सावरलेल्या गावाची गोष्ट सांगते. त्या वहीत हिशेब असतो तो पाण्याचा.

गाव हिवरे बाजार, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. आपल्या गगनबावड्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे वर्षाला चारशेच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, दारूचे गुत्ते वाढले, माणसं कामासाठी मुंबई-पुण्याकडे निघून गेली.

१९८९ मध्ये गावानं पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला बिनविरोध सरपंच केलं. पण एकट्या सरपंचानं गाव उभं राहत नाही. ग्रामसभेनं नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. जनावरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून आणायचं. हे काम बहुतेक कुणाच्या डोक्यावर येतं, ते तुम्हाला सांगायला नको. पण गवत वाढलं तसं दूधही वाढलं.

खरी कसोटी पुढेच होती. पाणी आलं की जास्त उपसायचा मोह होतो. गावानं ठरवलं, शेतीसाठी बोअर मारायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग शेतीचं, आणि थोडं जमिनीत शिल्लक. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. १९९५ मध्ये गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ती तीनवर आली. बाहेर गेलेली घरं परत आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

ऊस लावायचा नाही, हे कोल्हापुरात बसून सांगताना माझीच जीभ अडखळते. आपली घरं उसाच्या बिलावर चालतात. उद्यापासून ऊस सोडा, असं मी म्हणत नाही. पण नदीकाठच्या आपल्या गावांतही उन्हाळ्यात काही वाड्यांवर बाया घागरी घेऊन उभ्या राहतातच ना? मग आपल्या गावात पाणी जमा किती, खर्च किती, हे कुणी कधी वाचून दाखवलंय का?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तसा कायदाच आहे. बऱ्याच ठिकाणी ती नुसत्या सह्यांवर उरकते. पुढच्या वेळी सही करायच्या आधी एवढंच विचारा, “गावाच्या पाण्याची वही कुठे आहे?” वही नसेल, तर गटाच्या बैठकीत कोरी वही काढा आणि पहिलं पान आपणच लिहू. हिशेब ठेवायचा आपल्याला चांगला सराव आहे.