रात्रीची मैफल, सकाळचा धावफलक

नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाकडे निघालं की द्राक्षमळे लागतात. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि या वाटेवर चारचौघांत पेला हाती धरणं हळूहळू सभ्य ठरलं. खेळाडूच्या हातातला पेला मात्र महाराष्ट्रात त्याआधीपासून मोजला जातोय.

विनोद कांबळीचं उदाहरण तर ओठांवरच असतं. १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पुढच्याच कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. एकूण १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वय अवघं २३! लोक दोष देतात पार्ट्यांना, कानातल्या बाळीला. १९९४ च्या विंडीज मालिकेत वॉल्शच्या आखूड चेंडूंनी त्याला सतावलं होतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सला ही फुटपट्टी कुणी लावली नाही. १९७३ मध्ये रात्र जागून लॉर्ड्सवर उतरलेल्या या पठ्ठ्याने नाबाद १५० काढल्या.

पृथ्वी शॉचं प्रकरण वेगळं. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ करणाऱ्या या सलामीवीराला ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने रणजी संघातून वगळलं. तंदुरुस्ती आणि सरावातली बेशिस्त ही कारणं चर्चेत होती. हा हिशेब रास्त, कारण तो मैदानावरचा आहे. सरावाला दांडी मारणारा गडी रात्री मठात होता की पबमध्ये, याच्याशी निवड समितीला काय करायचंय? २०२५ मध्ये शॉ महाराष्ट्राकडे आला आणि चंडीगडविरुद्ध त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा कुटल्या.