डिजिटल नभोवाणी आणि लहान गांवाचा आवाज



शाळामास्तराच्या अंगीं एक खोड असते. कोणतीहि नवी सुधारणा पुढें आली, कीं ती शेवटच्या बांकावरील मुलापर्यंत पोंचली काय, हा प्रश्न तो आधीं विचारतो. सेवानिवृत्त झाल्यावरहि माझी ही खोड सुटलेली नाहीं. म्हणून डिजिटल नभोवाणीच्या इतिहासांत लहान गांवांच्या केंद्रांचें काय झालें, एवढाच विषय मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

जुन्या पद्धतींत प्रत्येक केंद्राची लहर स्वतंत्र असे. १९८७ सालीं युरोपांत ‘युरेका १४७’ या नांवानें संशोधनास आरंभ झाला आणि त्यांतून निराळी रीत निघाली. आवाजाचें आंकड्यांत रूपांतर करावयाचें, अनेक केंद्रांचे आंकडे एकत्र गुंफावयाचे, आणि तें सर्व एकाच रुंद पट्टींतून सोडावयाचें. या सामाईक व्यवस्थेस मल्टिप्लेक्स म्हणतात. आपल्या जुन्या वाड्याची उपमा तिला बरोबर लागू पडते: दिंडीदरवाजा एक, आंत बिऱ्हाडें अनेक. इमारतींवर आपटून किंचित् उशिरा येणारी लहर पूर्वी आवाज बिघडवीत असे. या पद्धतींत तीच लहर साह्यकारी होते. १९९५ सालीं नॉर्वे आणि इंग्लंड या देशांत अशा प्रक्षेपणास प्रारंभ झाला.

परंतु वाड्यांत राहावयाचें म्हणजे मालकाची मर्जी आणि भाडें हीं दोन्ही आलींच. इंग्लंडांतील स्थानिक म्हणविल्या जाणाऱ्या मल्टिप्लेक्सांचा पल्लाहि बहुधा एखाद्या जिल्ह्याएवढा किंवा मोठ्या शहराएवढा असे. इकडे २००४ सालच्या आदेशानें तेथें सामुदायिक नभोवाणीस कायदेशीर स्थान मिळालें होतें. नफ्यासाठीं न चालणारीं, एखाद्या उपनगरासाठीं किंवा विशिष्ट समाजासाठीं बोलणारीं हीं केंद्रें. ज्याला चार मैलांतील शेजाऱ्यांशींच बोलावयाचें आहे, त्यानें साऱ्या जिल्ह्याचें भाडें कोठून भरावें? आणि न भरावें, तर नवें यंत्र घरीं आणणाऱ्या श्रोत्याला डिजिटल यादींत आपल्याच गांवाचें नांव सांपडूं नये! गांवची जत्रा, शाळेची सुट्टी, पुराची सूचना, हें सांगणारा आवाज नकळत नाहींसा होण्याची ही भीति होती.

या अडचणींतून वाट निघाली ती अगदीं साध्या साधनांनीं. कॅनडांतील सरकारी दळणवळण संशोधन केंद्रानें या कामासाठीं संगणकाच्या आज्ञावल्या तयार केल्या होत्या, आणि त्या सर्वांस मोफत खुल्या झाल्या होत्या. ब्रिटनमधील ऑफकॉम या नियामक संस्थेंतील अभियंते रशीद मुस्तफा यांनीं त्या हातीं घेतल्या. खास बनविलेल्या महागड्या यंत्रांच्या जागीं साधा संगणक, आणि त्यास जोडलेला अल्पशक्तीचा प्रक्षेपक, एवढ्या सामग्रीवर २०१२ सालीं ब्रायटन शहरांत प्रयोग झाला. तो साधला. २०१५ सालीं ग्लासगो, मँचेस्टर, ब्रिस्टल, केंब्रिज यांसह दहा ठिकाणीं तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यांत आला.

यंत्र सिद्ध झालें, तरी कायदा सिद्ध व्हावयाचा होता. त्यासाठीं पार्लमेंटनें २०१७ सालीं अधिनियम केला, २०१९ सालीं त्याखालील आदेश निघाला, आणि २०२० सालीं लहान मल्टिप्लेक्सांच्या परवान्यांसाठीं अर्ज मागविण्यास सुरुवात झाली. या व्यवस्थेंत सामुदायिक केंद्रांसाठीं कांहीं जागा राखून ठेवण्याची अट घातली गेली. माझ्या मतें या साऱ्या हकीकतींतील मर्माची गोष्ट हीच होय. स्वस्त यंत्रानें दार उघडतें. पण आंत गेल्यावर बसावयास पाट मिळेलच, याची हमी कायद्यानेंच द्यावी लागते.

नॉर्वेनें निराळा मार्ग धरला. तेथील राष्ट्रीय केंद्रें २०१७ सालीं एफएमवरून पूर्णपणें डिजिटल पद्धतीवर गेलीं; मात्र बहुतेक स्थानिक केंद्रांस एफएमवर राहण्याची मुभा ठेवण्यांत आली. त्यामुळें मोठ्यांचें घर एकीकडे आणि लहानांचें दुसरीकडे, अशी स्थिति झाली.

आपल्या देशास या इतिहासापासून घेण्याजोगें पुष्कळ आहे. नभोवाणीच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. २००६ सालच्या धोरणानें लोकसंस्थांनाहि केंद्रें चालविण्याची परवानगी मिळाली. माणदेशांतील म्हसवडसारख्या ठिकाणीं अशा केंद्रावरून गांवचीं माणसें आपल्याच बोलींत बोलूं लागलीं, तीं एफएमवरून. उद्यां आपल्याकडेहि डिजिटल नभोवाणीचा मोठा वाडा उभा राहील, तेव्हां या बिऱ्हाडांची आठवण आराखडा काढतांनाच व्हावी. इंग्लंडांत १९९५ सालीं जी खोली आखावयाची राहिली, तिच्यासाठीं पुढें पंचवीस वर्षें भिंती फोडाव्या लागल्या.