माणसाच्या मापाचे यंत्र

काष्टीचा शनिवारचा बाजार आपल्याला ठाऊकच असेल. बैलबाजारातली जुनी रीत अशी, की घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात धरतात आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरतो. लिहिता येत नाही म्हणून कुणाचे अडत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्याला भावही कळत नाही. अक्षरावाचून भागावे आणि गुप्तही राहावे, या दोन्ही गरजा त्या साध्या रीतीने भागवल्या.

नेमक्या याच दोन गरजा १९५१ साली आपल्या निवडणूक आयोगापुढे उभ्या राहिल्या. मतदार १७ कोटींवर, आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर. 'आधी अक्षर शिका, मग मत द्या,' असे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी म्हटले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, तिच्यावर बैलजोडी, झोपडी अशी ओळखीची चित्रे लावली. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही. ती आपल्या पेटीत टाकली, की झाले! विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार झाल्या.

पण यादीचे काय झाले, तेही पाहा. परक्या पुरुषाला आपले नाव सांगायचे नाही, ही कित्येक ठिकाणी बायकांची रूढी. यादीच्या रकान्याला तर नावच हवे. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. पेटी माणसाच्या मापाची होती, रकाना नव्हता.

पेटीतही उणीव होतीच. पडद्याआडून मतपत्रिका न टाकता खिशात घालून नेता येई. म्हणून १९६२च्या निवडणुकीत एकाच कागदावर सर्व चिन्हे आणि त्यावर शिक्का, ही पद्धत रूढ झाली. पुढे १९८२ साली केरळातील परूर येथे ५० केंद्रांवर मतदान यंत्र आले, आणि २००४ साली ते देशभर सर्व लोकसभा मतदारसंघांत पोचले. त्याच्या दर्शनी रूपावर पवईच्या आय. आय. टी.तील ए. जी. राव व रवी पूवय्या या प्राध्यापकांनी काम केले.

हे यंत्र एकदा नीट न्याहाळा. नाव, चिन्ह आणि निळे बटण एकाच ओळीत. बटण दाबताच तांबडा दिवा लागतो, शिट्टीसारखा आवाज होतो. मत पोचले हे डोळ्याला कळते, कानालाही कळते. अंध मतदारासाठी ब्रेल आकडे आहेत. आता चिठ्ठीही काचेआड सात सेकंद दिसते.

कोणतेही यंत्र बेतताना हेच विचारायचे असते: वापरणारा कोण? त्याला आधीपासून काय येते? आपले काम झाले, हे त्याला कळते का? आज बँकेचे यंत्र किंवा मोबाइल कुणाला उमगला नाही, तर आपण चटकन म्हणतो, 'अडाणी आहे!' तसे म्हणण्यापूर्वी त्या २८ लाख बायकांची आठवण ठेवावी. त्यांना स्वतःचे नाव माहीत नव्हते, असे थोडेच होते?