भोपाळचे पाणी आणि संगणकातले जाळे : मॉडेल ‘सोपे’ केले म्हणजे नेमके काय केले?

भोपाळ : मोठ्या तलावाची पातळी १६६६.८० फुटांपर्यंत आली की भदभदाचे दरवाजे उघडतात आणि शहर ते बघायला लोटते. पण तलाव भरला म्हणजे नळाला पाणी आले, असे नाही. मध्ये पाइपांचे जाळे आहे, आणि त्याचा हिशेब आता संगणकावर होतो. बेळगाव असो, बुऱ्हाणपूर असो की नांदेड, पाणी योजनेच्या कागदात ‘हायड्रॉलिक मॉडेल’ हा शब्द भेटतोच. हे मॉडेल पुढे ‘सोपे’ केले जाते. त्यात काय उरते नि काय गळते, ते बघू.

मॉडेलमध्ये प्रत्येक पाइप म्हणजे एक रेघ आणि प्रत्येक सांधा म्हणजे एक बिंदू. रेघेला लांबी, व्यास आणि आतला खडबडीतपणा. बिंदूला जमिनीची उंची आणि पाण्याची मागणी. एवढे भरले की कुठे किती पाणी वाहील, किती दाब राहील ते निघते. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे हार्डी क्रॉस यांनी हे गणित हाताने सोडवण्याची पद्धत दिली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘ईपॅनेट’ आणले. ते फुकट आहे, आजही चालते. गावच्या नळ योजनांसाठी आयआयटी मुंबईचे ‘जलतंत्र’ आहे, तेही मोफत.

भोपाळ २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाखांचे. पाणी मोठ्या तलावाचे, कोलारचे, केरव्याचे आणि नर्मदेचे. वर श्यामला, ईदगाह, अरेरा अशा टेकड्या. अशा शहराची प्रत्येक गल्ली मॉडेलमध्ये घातली तर पाइपांची यादी हजारोंत जाते. एकदा चालवायला आजच्या संगणकाला ते जड नाही. पण पंप कोणत्या तासाला चालवला तर वीजबिल कमी येईल, हे शोधायला तेच मॉडेल हजारो वेळा चालवावे लागते. म्हणून जाळ्याचा सांगाडा ठेवतात, बाकीचे आवरतात.

आवरायच्या मुख्य रीती तीन. शेवट बंद असलेली गल्ली कापायची आणि तिची मागणी मागच्या चौकावर टाकायची. एकामागे एक जोडलेले पाइप एकच समजायचे. आणि शेजारून जाणाऱ्या दोन पाइपांचा एक करायचा.

हे डोळे झाकून होत नाही. पाइप १५० मिलिमीटरचा ५०० मीटर आणि पुढे १०० मिलिमीटरचा ३०० मीटर असेल, तर दोन्ही मिळून १०० मिलिमीटरचा साधारण ३७० मीटर पाइप होतो. ८०० नव्हे. कारण व्यास वाढला की घर्षणात जाणारा दाब फार वेगाने घटतो. तसेच १०० चे दोन पाइप शेजारी असतील तर त्यांची बरोबरी २०० चा एक पाइप करत नाही, १३० चा करतो. २०० चा पाइप १०० च्या सहापट पाणी नेतो. (मी कॉमर्सवाला, हे आकडे दोनदा करून बघितले तेव्हा पटले.)

आमच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदात ‘किरकोळ येणी’ एका ओळीत दाखवतात, तसे हे. बेरीज बरोबर येते. पण कोणाकडून पैसे बुडाले, ते त्या ओळीत दिसत नाही. खतावणी उघडावी लागते.

इथेच खरी गोम आहे. गल्लीची मागणी चौकावर टाकली की मॉडेल चौकातला दाब सांगते. गल्लीच्या टोकाला, चढावरच्या शेवटच्या घरात काय होते, ते सांगत नाही. आपल्याकडच्या केंद्रीय नियमावलीच्या १९९९ च्या आवृत्तीत एकमजली भागाला ७ मीटर, दुमजलीला १२, तिमजलीला १७ मीटर दाब धरला आहे. चौकात १२ दिसले म्हणून वरच्या घरात १२ असतीलच असे नाही. क्लोरीनचेही तेच. टोकाच्या बारीक पाइपात पाणी रेंगाळते, क्लोरीन उडते. तो पाइपच मॉडेलमधून गेला की पाणी कागदावर ताजे राहते. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवे, ते टोकालाच मोजले पाहिजे.

भोपाळमध्ये ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत भूजल दूषित निघाले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे स्वच्छ पाणी पुरवायला सांगितले. तिथे नळ आटला तर हातपंपाकडे वळा, असे म्हणता येत नाही. ‘१५० मिलिमीटरखालचे सगळे वगळा’ असा सरसकट नियम लावला, तर गायब होतात त्या अशाच वस्त्यांच्या गल्ल्या.

अमेरिकेत पाण्याच्या गुणवत्तेसाठी मॉडेल वापरायचे तर २००६ च्या नियमांत किमान मर्यादा घातली आहे : एकूण पाइप लांबीच्या निम्मी लांबी आणि पाइपांच्या आतल्या घनफळाचा ७५ टक्के भाग मॉडेलमध्ये हवा, १२ इंची आणि त्याहून मोठे सगळे पाइप हवेत, सगळ्या टाक्या आणि चालू पंप हवेत. शिवाय दूरच्या भागाला जोडणारा ६ इंची पाइपही वगळायचा नाही. हे शेवटचे कलम मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते.

अजून एक अडचण आपली स्वतःची. बहुतेक शहरांत पाणी ठरल्या वेळी येते. नळ सुटला की सगळे एकदम टाक्या भरतात. दाब असेल तितके पाणी घेतात, गरज असेल तितके नव्हे. २०२० च्या ईपॅनेट २.२ मध्ये दाबावर मागणी ठरवण्याची सोय आली. त्याआधीच्या ईपॅनेटमध्ये मागणी ठरलेलीच धरली जाई, मग दाब उणे झाला तरी कागदावर पाणी पोचलेलेच. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या निवडक भागांत २००८ मध्ये चोवीस तास पाणी सुरू झाले. तिथे हा गोंधळ आपोआप कमी होतो.

तुमच्या गावात योजना आली तर अभियंत्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. किती व्यासाखालचे पाइप वगळले? वगळलेली मागणी कुठे टाकली? चढावरचे बिंदू, व्हॉल्व्ह, दवाखाने ठेवले का? सोपे केलेले आणि पूर्ण मॉडेल सकाळच्या गर्दीच्या तासाला शेजारी ठेवून पाहिले का? आणि प्लंबरकडून दाबमापी आणून पाणी आल्यावर शेवटच्या घराच्या नळाला लावा. काटा ०.७ किलोवर असेल तर तो साधारण ७ मीटर दाब झाला.