टॅक्सीच्या वाटेने आलेली शर्यतीची गाडी

मंडळी, १९६९ च्या शेवरोले कॅमारोची ही गोष्ट. एवढ्या गाडीत ४०० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम. पण टॅक्सी, पोलीस अशा घाऊक गिऱ्हाइकांसाठी 'कोपो' नावाची खास मागणीची सोय होती. (हेडमास्तरांचा नियम आणि कारकुनाची पळवाट, शाळेतही हेच!) इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी त्याच वाटेने ५० गाड्या मागवल्या. आत ४२७ घनइंचांचं, संपूर्ण ॲल्युमिनियमचं 'झेडएल-१' इंजिन. शर्यतीत उतरायला निदान तेवढ्या गाड्या बनायला हव्या होत्या. किंमत निघाली प्रत्येकी ७,२०० डॉलरच्या वर, त्यात निम्म्याहून जास्त नुसत्या इंजिनाची! गावात घेणार कोण? बिचाऱ्या गिबना बऱ्याच गाड्या कंपनीला परत कराव्या लागल्या. एकूण बनल्या अवघ्या ६९.